भोपळ्याची बिल्टी

फौजेत मी सतरा वर्षं गाडी चालवली. बर्फात चालवली, वाळूत चालवली, एकीकडं कडा आणि दुसरीकडं थेट पाताळ अशा रस्त्यानं चालवली, पण कुठं साधा ओरखडा आला नाही. आणि सांगलीच्या मार्केट यार्डात नोकरीच्या पहिल्याच दिवशी, लख्ख उजेडात, हळदीच्या एका वखारीसमोर गाडी मागं घेताना पाण्याचा रांजण, वखारीचा अर्धा दरवाजा आणि माझी इज्जत एका दमात फोडली.

त्याचं कारण सांगतो. फौजेत ट्रक मागं घ्यायचा तर मागं एक जवान उभा राहतो. एकच. तो हातानं खुणा करतो आणि आपण आरशात बघून गाडी घेतो. यार्डात मागं बारा जण उभे राहतात. त्यात हमाल असतात, चहावाला असतो, एखादा दलाल असतो, आणि ज्याचा गाडीशी काडीचा संबंध नाही असा पेपर वाचणारा एक माणूस हमखास असतो. सगळे एका सुरात "यिऊ द्या, यिऊ द्या, यिऊ द्या" म्हणतात, आणि धाडकन आवाज झाला की सगळे मिळून "बास!" म्हणतात. पेपरवाला वर "मी म्हनतच हुतो" असंही म्हणतो.

मी हणमंत, कुंडलचा. यार्डात मला सगळे फौजी म्हणतात. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं की ट्रक ड्रायव्हरच्या आयुष्यावर काहीतरी लिहा. आयुष्यबियुष्य मला जमायचं नाही. एका भोपळ्याची गोष्ट सांगतो, त्यात आयुष्य आलं तर आलं.

फौजेतनं सुटलो तेव्हा वय सदतीस. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं सुटून आलेल्या माणसाचं काय करायचं हे गावाला पाठ असतं. त्याला बँकेच्या नाहीतर कारखान्याच्या दारात स्टुलावर बसवायचं. माझ्या आधी सुटलेले चौघं चार दारांत चार स्टुलांवर बसले होते. माझी बायको सुरेखा मोठ्या हौसेनं म्हणाली, "आवं, तुमी बी बसा की. सावलीतलं काम हाय. वर पंखा आसतुय." मी एकदा त्यातल्या एकाला भेटायला गेलो. सुभेदार होऊन सुटलेला माणूस. बँकेत येणाऱ्या पोराटोरांना "चप्पल भायेर काढू नगा, आत घिऊन या" एवढंच दिवसभर सांगत होता. मी घरी आलो आणि सुरेखाला सांगितलं, "मेलो तरी स्टुलावर बसणार न्हाई. मला गाडी येतीया, मी गाडीच चालवणार."

तर असा मी आप्पांच्या दारात गेलो. आप्पा म्हणजे यार्डातले जुने हुंडेकरी, म्हणजे भाड्यानं माल पोचवणारे. सहा गाड्या, एक गोदाम, एक टेबल आणि तोंडात कायमची सुपारी. माझं लायसन्स, माझी कागदपत्रं, माझं छातीवरचं सगळं बघून झाल्यावर ते म्हणाले, "फौजी, लाईनची गाडी पायजे का तुला?"

लाईनची गाडी म्हणजे सांगलीहून पुणे-मुंबईला जाणारी मोठी गाडी. यार्डात तिला मान. मी म्हणालो, "व्हय आप्पा, म्हनूनच आलोय."

"मग आदी लोकल कर."

लोकल म्हणजे सांगलीच्या आजूबाजूच्या जिल्ह्यांत फिरणारी गाडी. सकाळी हळद भरायची, दुपारी गूळ, संध्याकाळी कुणाचं तरी लोखंडी कपाट. रोज दहा ठिकाणी भरायचं, दहा ठिकाणी उतरायचं आणि दहा बोळांत गाडी मागं घ्यायची. आमच्या धंद्यात कितीही मोठा तीसमारखान आला तरी आधी लोकल केल्याशिवाय त्याला लाईन मिळत नाही. मला ते अपमानाचं वाटलं होतं. रांजण फोडल्यावर थोडं कमी वाटलं.

रांजण फोडून आलो तर वाटलं आप्पा हाकलून देणार. त्यांनी फक्त बिल्टीचा कागद पुढं सरकवला आणि बोट ठेवून म्हणाले, "रांजनाचं मी बघतो. ही जागा बघ. पाडव्यापतोर हितं एक बी शेरा नगं. आला न्हाई तर लाईनची गाडी तुजी. आला तर फौजी, तुजं स्टूल तुला. शेरा म्हंजे शेरा."

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. बिल्टी म्हणजे मालाबरोबर जाणारा कागद. माल कुणी पाठवला, कुणाला पाठवला, नग किती, सगळं त्याच्यावर असतं. खाली छापलेलं असतं, 'माल सुस्थितीत मिळाला', आणि त्याखाली माल घेणाऱ्याची सही. शेजारी एक मोकळी जागा असते. माल फुटला, भिजला, सांडला, तर घेणारा त्या जागेत तसं लिहितो. तो शेरा. गाडी किती सुंदर चालवतोस हे कुणी विचारत नाही. शेऱ्याची जागा कोरी आली का, एवढंच विचारतात. आप्पा सगळ्या बिल्ट्या महिन्यावारी तारेला ओवून भिंतीवर टांगून ठेवायचे, आणि आम्हा ड्रायव्हरांची अब्रू त्या तारेला लटकायची.

मला काम शिकवायला गणपा होता. यार्डातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, पोट स्टेअरिंगला टेकलेलं, बोलणं गाडीच्या हॉर्नएवढं. पहिल्या दिवशी मी दोरी आवळताना बघून त्यानं कपाळाला हात लावला. फौजेत आम्हाला एकच मंत्र होता, लोड हिलना नहीं चाहिए. त्यामुळं मी हौद्याच्या फाळक्याला पाय लावून, सगळं वजन टाकून दोरी अशी ओढायचो की पोत्यांचा जीव घुसमटायचा.

"आरं फौजी, ही काय दुश्मनाची मानगूट हाय का?" गणपा म्हणाला. "माल बगून गाठ मारायची गड्या. सिमिटाला आवळ, गुळाला थोपट, काचंला हात जोड."

दुसरी गोष्ट त्यानं शिकवली ती जास्त महत्त्वाची होती. "ज्या मालाचा भरवसा वाटंना," तो डोळा मारून म्हणाला, "त्याची सही ताडपत्री काडायच्या आदी घ्यायची. मानूस घाईत आसतुय. च्या पाजायचा, पेन हातात द्यायचा, हितं करा म्हनायचं. एकदा सही झाली की मग बरमदेव आला तरी शेरा लिवत न्हाई." मी मोठ्या ताठ्यानं म्हणालो, "आपल्याला त्याची गरज न्हाई पडायची." गणपानं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि बिडी पेटवली.

मग काय, लोकल सुरू झाली. हळदीची पोती भरून आलो की अंग पिवळंधमक व्हायचं, आणि घाम आला की ते कालवणासारखं होऊन कपड्यांत मुरायचं. सुरेखा दारातच म्हणायची, "आवं, दुसरं लगीन ठरलं का काय? हळद लागल्याली दिसतीया." गुळाच्या ढेपा उन्हात पाझरायच्या आणि गाडीला मुंग्या लागायच्या. एकदा मुंग्यांची अख्खी पलटण माझ्या विजारीत शिरली तेव्हा मी तासगावच्या रस्त्यावर गाडी उभी करून जो नाच केला, तो बघायला दोन यष्ट्या थांबल्या होत्या.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. सांगलीतले एक निवृत्त गुरुजी सगळा संसार घेऊन साताऱ्याला मुलाकडं राहायला निघाले होते. बाकी सगळं त्यांनी हमालांवर सोडलं, पण भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ काही हौद्यात ठेवू देईनात. "ते चालतं राहिलं पाहिजे. चाळीस वर्षांत बंद पडलेलं नाही." मग ते घड्याळ मांडीवर उभं धरून गुरुजी माझ्या शेजारी केबिनमध्ये बसले. प्रत्येक खड्ड्याला घड्याळ ठोके द्यायचं. कराडच्या अलीकडं एकदा बारा वाजले, पलीकडं परत चार वाजले. साताऱ्याला पोचल्यावर गुरुजींनी आपल्या हातातलं घड्याळ बघितलं, मांडीवरचं बघितलं, आणि 'घड्याळ दोन मिनिटे मागे' असं पुटपुटत बिल्टीवर शेऱ्याच्या जागी 'घ' काढला.

मी त्यांचा हातच धरला. "गुरुजी, पाया पडतो. माजी नोकरी हाय त्या जागंत." मग मी स्वतः काटा दोन मिनिटं पुढं सरकवला आणि गुरुजींनी 'घ' खोडला. आप्पांनी ती बिल्टी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "ह्ये खोडलंय काय?" मी म्हणालो, "गुरुजींचं अक्षर." तारेला लागली.

असं करत करत गुढीपाडवा तीन आठवड्यांवर आला. बिल्ट्या कोऱ्या होत्या. मी मनात लाईनच्या गाडीला रंग पण देऊन ठेवला होता. आणि तेव्हा भोपळे आले.

मिरजेत तंबोरे आणि सतारी तयार होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तंबोऱ्याचं पोट म्हणजे खराखुरा वाळवलेला भोपळा असतो, हे मला चाळिशी जवळ आली तरी माहीत नव्हतं. हे भोपळे मंगळवेढ्याकडच्या रानात पिकतात, खायचे नसतात, जाड सालीचे, वेलावरच मोठे करून वाळवलेले. दस्तगीरचाचा नावाचे तंबोऱ्याचे म्हातारे कारागीर आप्पांचे जुने गिऱ्हाईक. त्यांचे एक्केचाळीस भोपळे आणायला मला पाठवलं. त्यात एक सगळ्यांचा बाप होता. दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही असा. साताऱ्यात गाणं शिकवणाऱ्या एका बुवांचा आवाज खर्जातला, त्यांना तेवढाच मोठा भोपळा हवा होता, आणि तसा मिळेना म्हणून चाचा आणि बुवा दोघं दोन वर्षं थांबले होते. चाचांनी फोनवर मला एवढंच सांगितलं, "फौजी, वो बडावाला जपून आण बेटा."

निघताना गणपानं बजावलं होतं. "भोपळ्याला दोरी दाखवायची बी न्हाई. खाली पेंडा, मधी पेंडा, वर जाळी. आन् गाडी अशी चालीव की मागं नवरी बसलीया."

मी तसंच भरलं. तसाच निघालो. पण सांगोल्याच्या पुढं वारा सुटला आणि रस्ता खराब लागला. मागं हौद्यात भोपळे एकमेकांना ढुशा द्यायला लागले, डुबुक, डुबुक, डुबुक. तुम्हाला काय वाटेल माहीत नाही, पण सतरा वर्षं ज्याच्या मागं माल इंचभर हलला नाही त्या माणसाच्या डोक्यात त्या आवाजानं घण बसत होते. दहा किलोमीटर सोसलं. मग गाडी बाजूला घेतली, ताडपत्री काढली, दोरी काढली, फाळक्याला पाय लावला आणि सगळं वजन टाकून ओढली. लोड हिलना नहीं चाहिए.

आतून 'कट्' असा आवाज आला. बारीकसाच. मी स्वतःला सांगितलं, फाळक्याची खिट्टी असेल.

पुढं मात्र आवाज बंद झाला आणि मला लय बरं वाटलं. कवठेमहांकाळला चहाला थांबलो. दुपारचे तीन वाजले असतील. चहा पिता पिता ती खिट्टी डोक्यातनं जाईना. शेवटी उठलो, ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि पेंढ्यात हात घातला. चाळीस भोपळे ठणठणीत होते. बापाच्या पोटावर वीतभर चीर गेली होती.

मी तिथंच पेंढ्यात हात घालून उभा राहिलो. आधी आप्पा दिसले. मग बँकेचं दार दिसलं, स्टूल दिसलं, वरचा पंखा दिसला. आणि खरं सांगतो, त्या म्हाताऱ्याची दोन वर्षं मला सगळ्यात शेवटी दिसली. ती आधी दिसायला हवी होती.

दोरी सैल केली, ताडपत्री नीट लावली आणि मिरजेपर्यंत गणपाचा दुसरा धडा पाठ म्हणत गेलो.

दस्तगीरचाचांचं दुकान एका बोळात. लोकलवर आल्यापासून पहिल्यांदा तिथं मी गाडी एका झटक्यात बरोबर मागं घेतली, "बास" म्हणायला कुणाला संधीच दिली नाही. चाचा बाहेर आले. बारीक, पांढरी दाढी, हाताची बोटं सरसानं काळवंडलेली. मी इंजिन बंद करायला किल्लीला हात घातला तर म्हणाले, "रहने दे. चालूच राहू दे जरा." फाळक्यावर तळहात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, म्हातारा माणूस, टेकला असेल. मी खाली उडी मारली, बिल्टी पुढं केली, पेनाचं टोपण काढून दिलं.

"चाचा, हितं सही करा. पुढं मालगावला जायचंय, उशीर हुतोय."

मालगावला कुणी मला बोलावलं नव्हतं. चाचांनी ताडपत्रीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सही केली. 'माल सुस्थितीत मिळाला.' शेऱ्याची जागा कोरी.

मग ताडपत्री निघाली. चाचांनी एकेक भोपळा हातात घेतला, बोटाच्या पेरानं वाजवला, कानाला लावला, बाजूला ठेवला. चाळीस वेळा. मोठा सगळ्यात शेवटी काढला. तो वाजवला नाही. चिरेवरनं अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर मी रात्री निवांत झोपलो असतो.

"चाय लेगा?" चाचा म्हणाले.

मी चहा घेतला. तसला कडू चहा मी आजपर्यंत प्यायलो नाही, आणि त्यात साखर भरपूर होती.

तो दिवस गुरुवार, आमचा बेस्तरवार होता. घरी आलो आणि सुरेखाला सगळं सांगितलं, कारण तिच्यापासून काही लपत नाही. ती भाकरी थापत होती. "म्हंजे तुमी म्हाताऱ्याला फशिवलं."

"फशिवलं न्हाई. सही घेतली."

"त्येच की." पुढच्या बेस्तरवारी ताटात भोपळ्याची भाजी. त्याच्या पुढच्या बेस्तरवारी भोपळ्याची भाजी. मी म्हणालो, "बाजारात दुसरं काय मिळत न्हाई काय?" तर म्हणाली, "सुस्थितीत मिळाला, आनला."

पाडव्याला आप्पांनी लाईनच्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. हार घातला, नारळ फोडला, गणपानं पेढा तोंडात कोंबला. मी हसलो, फोटो काढला. त्या गाडीला दहा टायर होते आणि माझ्या मनात एक भोपळा होता. पुणे केलं, मुंबई केली, घाट चढलो, घाट उतरलो. कुठंही ताडपत्री काढल्याशिवाय मी सही घेतली नाही. गणपा म्हणायचा, "फौजी खुळा झालाय." आणि दर बेस्तरवारी, मी घरी असलो तर, भोपळा.

सात महिन्यांनी, दसऱ्याच्या आसपास, चाचांचा आप्पांना फोन आला. साताऱ्याच्या बुवांचा तंबोरा तयार आहे. फौजीच्याच गाडीतनं जाईल, नाहीतर जाणार नाही.

मी बोळात गेलो. चाचांनी गवसणी काढून तंबोरा दाखवला. तोच भोपळा होता. सरस आणि कापड लावून आतनं चीर सांधली होती, आणि बाहेरनं तिच्यावर एक लांब नक्षीचं पान चढवलं होतं, देठासकट. माहीत नसलेल्या माणसाला ते पानच दिसलं असतं. मी मान खाली घालून विचारलं, "चाचा, मलाच का बोलवलंसा?"

"एकदा ज्यानं फोडलं तो दुसऱ्या बारीला जपून नेतो," चाचा म्हणाले, आणि तंबोरा माझ्या हातात दिला.

तंबोरा मी हौद्यात ठेवला नाही. केबिनमध्ये शेजारच्या सीटवर गादी टाकून बसवला. वाटेत कुणी "फौजी, पाहुनं कोन?" विचारलं की चिडायचो. गुरुजींच्या घड्याळाला हसलो होतो, त्याची फेड झाली म्हणायची. कराड आलं, उंब्रज आलं, एकाही गतिरोधकाला मी तो हलू दिला नाही, आणि दोरी कुठंच बांधली नव्हती.

साताऱ्यात बुवांच्या घरी पोचलो. बुवा अंगानं दोन माणसांचे, आवाज विहिरीतनं आल्यासारखा. त्यांनी घाईघाईनं पेन मागितलं. मी म्हणालो, "न्हाई बुवा. आदी वाजवून बगा. मग सही."

त्यांनी मांडी घातली, खुंट्या पिळल्या, तारा छेडल्या. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मला फक्त इंजिनं कळतात. नुकतंच काम करून आणलेलं, सगळं जुळलेलं इंजिन जागेवर चालू ठेवलं की जसा पोटात एकसारखा घुमारा येतो, तसा त्या खोलीत आला. बुवांनी डोळे मिटले. डोळ्यांतनं पाणी आलं त्यांच्या. आणि डोळे मिटूनच त्यांचा हात मागं गेला, त्या पानावरनं फिरला. "इथं काहीतरी आहे," ते म्हणाले. "दस्तगीर उगाच नक्षी करत नाही. वाटेत लागलं होतं का याला?"

तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "सही करा बुवा." त्यांनी केली. सातारा ते सांगली मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या फौजेतल्या होत्या, इथं लिहिता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आप्पा जेवायला गेल्यावर मी भिंतीवरची तार काढली. पाडव्याआधीच्या महिन्याच्या बिल्ट्या, धूळ खाल्लेल्या. माझी सापडली. ती खिशात घातली आणि मिरजेला गेलो. चाचा दांडी घासत बसले होते. त्यांच्या समोर बसून मी शेऱ्याच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'ड्रायव्हरने दोरी आवळल्यामुळे मोठा भोपळा फुटला. ड्रायव्हरला माहीत होते. सही फसवून घेतली.' आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"चाचा, ह्याच्याखाली आता सही करा. खरी."

चाचांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं. आणि हसायला लागले. खोकला लागेपर्यंत हसले.

"फसवून? मला? अरे, इंजन चालू ठेव म्हटलं होतं तुला, याद हाय? फाळक्यावर हात ठेवला होता मी. इंजनच्या थरथरीनं चाळीस भोपळे गुणगुणत होते आणि एक खरखरत होता. पन्नास वर्षं झाली बेटा, मी दुसरं काय ऐकतोय? ताडपत्री काढायची काय गरज?"

मी पेन खाली ठेवलं. "मग सही का केलीसा?"

"पेन देताना तुझा हात बघितला. भोपळ्यापेक्षा तोच जास्त थरथरत होता. आप्पाचा कायदा सगळ्या मिरजेला माहीत हाय. भोपळा मला जोडता येतो. तुझी गेलेली नोकरी कुठं जोडत बसू?" चष्मा पुसत ते पुढं म्हणाले, "पर लय उशीर केलास रे. भोपळा दोन महिन्यांत जुळला. तुला सात लागले."

मी रडलो. मिरजेच्या त्या बोळात, सदतीस-अडतीस वर्षांचा, मिशा असलेला माणूस, हुंदके देऊन. चाचांनी माझं पेन घेतलं, 'सही फसवून घेतली' एवढं खोडलं, त्याखाली आपल्या अक्षरात लिहिलं, 'जोडला आहे', आणि सही केली.

बिल्टी मी आप्पांच्या टेबलावर नेऊन ठेवली. आप्पांनी वाचली. सुपारी या गालातनं त्या गालात गेली. मग त्यांनी वर पंख्याकडं बघितलं. मला परत स्टूल दिसायला लागलं.

"शेरा म्हंजे शेरा," ते म्हणाले. "लाईनची गाडी एक म्हैना गनपा चालवंल. तू लोकल कर."

"आन् म्हैन्यानं?"

"म्हैन्यानं तुजी तू घे. लिवलेला शेरा येगळा आन् लिवून आनलेला येगळा." मग त्यांनी ती बिल्टी तारेला लावली, सगळ्यात वर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. ती तिथंच आहे. आता नवे ड्रायव्हर माझ्या हाताखाली येतात, दोरी शिकतात. त्यांना मी आधी ती बिल्टी वाचायला लावतो आणि मग दोरीला हात लावू देतो. गणपाची सहीची युक्ती मी कुणाला शिकवली नाही, पण ती सगळ्यांना आपोआप येते.

शेरा लागला त्या संध्याकाळी पहिल्याच बोळात गाडी मागं घेताना चहाच्या गाड्याला धडकलो. बारा जणांनी मिळून "बास!" म्हटलं. मला हसू आवरेना.

घरी आलो. बेस्तरवार होता. हात-पाय धुतले आणि पाटावर बसून सुरेखाला सांगितलं, लाईनची गाडी गेली, महिनाभर लोकल, शेरा लागला. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"शेरा कुनी लिवला?"

"मी."

तिनं ताट पुढं सरकवलं. वांग्याचं भरीत होतं.